दहा गाईंसाठी कुट्टी मशीन: एचपीच्या आधी पातं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोठ्यात दहा संकरित गाई, दीड एकर नेपियर गवत, खरिपात मका, घरचा ज्वारीचा कडबा. २ एचपीचं सहा वर्षांचं कडबा कुट्टी मशीन आता वैरण कापत नाही, चिरडतं. ताटाची साल लांबच्या लांब राहते, मोटार तापते. ते काढून ५ एचपीचं घ्यावं का, म्हणजे त्यातच मुरघासही (हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा) होईल?

आधी जुन्या मशीनचं बोलू. चिरडणं, साल राहणं आणि मोटार तापणं ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे. पात्याची धार गेली किंवा पातं आणि तोंडाशी बसवलेली स्थिर पट्टी यांच्यातली फट वाढली, की ताट कापलं न जाता त्या फटीत दुमडून ओढलं जातं. आतला गर चेपतो, बाहेरची साल तुटत नाही. त्या ओढाताणीचा भार मोटारीवर येतो, मोटार जास्त अँपिअर खाते आणि तापते. अशा मशीनला मोठी मोटार लावली तर ते तेच काम जास्त जोरात करेल, एवढंच.

पट्टीपासून सुरुवात करा, कारण सगळे पाती बदलतात आणि पट्टीकडे कोणी बघत नाही. कात्रीला दोन धारा लागतात. इथे दुसरी धार म्हणजे ही पट्टी. तिची वरची कड चौकोनी, टोकदार काटकोनात हवी. बोट फिरवून बघा (मेन स्विच बंद करून, पट्टा उतरवून). कड गोल लागली तर नवी पाती लावूनही आठवड्यात परत रडगाणं. बऱ्याच मशीनमध्ये ही पट्टी उलटवून दुसरी कड वापरता येते. दोन्ही कडा गेल्या असतील तर वर्कशॉपमधून सपाट घासून आणा, नाहीतर नवी घ्या. पट्टीचे बोल्ट सैल असतील तर फट दर पेंढीला बदलत राहते आणि मग कितीही सेटिंग करा, टिकत नाही.

आता धार. चाकावरच्या पात्याची एक बाजू सपाट असते आणि एका बाजूला उतार दिलेला असतो. सपाट बाजू पट्टीकडे, उतार बाहेर. धार फक्त उताराच्या बाजूने लावायची. सपाट बाजूला दगडाचा एखादा हलका हात, तोही धारेवर आलेली भर (धातूची दुमडलेली बारीक कड) काढण्यापुरता. सपाट बाजूच ग्राइंडरला लावली तर पातं पट्टीपासून कायमचं दूर जातं आणि मग फट कधीच नीट जुळत नाही. गावोगाव हीच चूक सर्रास होते. उताराचा कोन साधारण २५ अंशांच्या आसपास ठेवा. याहून बारीक केलात तर धार पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी लागेल, पण नेपियरच्या जून कांडीत कपचे उडतील. ग्राइंडरवर पातं एका जागी दाबून धरू नका. थोडं घासा, पाण्यात बुडवा, परत घासा. कडेवर निळसर रंग आला की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. ती जागा पुढे दोन दिवसांत बोथट होते.

दोन्ही पाती एकाच वेळी काढा आणि एकाच वेळी धार लावा. नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही तोला. वजनात फरक असेल तर जड पात्याच्या मागच्या, म्हणजे न कापणाऱ्या कडेवरून घासून बरोबरी करा. हे फाजील वाटतं, पण चाक मिनिटाला चार-पाचशे फेरे घेतं. पात्यातला फरक चाकाच्या धक्क्यात दिसतो, तो धक्का बेअरिंगमध्ये जातो आणि बेअरिंग गेलं की शाफ्ट हलतो, म्हणजे फट पुन्हा बिघडली.

पाती बसवताना फट किती ठेवायची? घासू नये, पण पोस्टकार्ड कसंबसं सरकेल इतकी. मोजून सांगायचं तर ०.३ मिलिमीटरच्या जवळपास, अर्ध्या मिलिमीटरच्या वर नको. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मिळालं तर उत्तम, मेकॅनिककडे असतं. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशा तीन जागी बघा. सेटिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवत दोन्ही पाती सारखी आणा, मग मुख्य बोल्ट पूर्ण आवळा. आवळल्यावर फट परत मोजा, कारण आवळताना पातं सरकतंच. स्प्रिंग वॉशर जुने, चपटे झालेले असतील तर टाकून द्या. बोल्ट डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेलेच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला साधा खिडकी-दरवाजाचा बोल्ट इथे चालत नाही. शेवटी चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही 'खर्र' आवाज आला तर मोटार लावायची नाही.

एवढं केल्यावर चाचणी घ्या: मूठभर कुट्टी वर्तमानपत्रावर पसरा आणि मोजपट्टीने बघा. तुकडे सारखे आणि कडा स्वच्छ असतील तर तुमचं मशीन अजून चालणार आहे. तुकडे ठरलेल्या लांबीच्या दुप्पट दिसले तर दोनपैकी एकच पातं कापतंय, दुसऱ्याची फट मोठी आहे. तुकडे सारखे पण प्रत्येकाला सालीचा दोरा लोंबत असेल तर पट्टीची कड बघा. तुकडे कमी-जास्त, मधूनच वीतभर लांब असतील तर दोष पात्याचा नाही, वैरण आत ओढणाऱ्या रोलरचा: वरच्या रोलरची स्प्रिंग ढिली झालीय किंवा दाते झिजलेत, त्यामुळे वैरण पकडीत घसरते. स्प्रिंग आवळा, पण दोन्ही बाजूंची सारखी, नाहीतर रोलर तिरका होऊन एका बाजूनेच ओढतो.

कुट्टी किती लांब असावी यावर बरेच वाद होतात. रोजच्या खाण्यासाठी २ ते ३ सेंटिमीटर योग्य. बारीक केली की गाय उष्टं सोडत नाही म्हणून लोक आणखी बारीक करत जातात, पण अर्ध्या सेंटिमीटरच्या भुग्यावर रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, पोटात आम्लता वाढते आणि डेअरीत फॅट उतरलेली दिसते. मग मालक पशुखाद्याच्या कंपनीला दोष देतो. लांबी ठरते ती चाकाच्या एका फेऱ्यात रोलर किती वैरण पुढे ढकलतो आणि पाती किती आहेत यावर. उदाहरणार्थ, रोलरचा घेर २५ सेंटिमीटर असेल, चाकाच्या ८ फेऱ्यांना रोलर एकदा फिरत असेल आणि पाती दोन असतील, तर २५ भागिले १६, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर. गिअरचा दांडा असतो तो हे प्रमाण बदलण्यासाठी. चार पात्यांच्या मशीनवर समोरासमोरची दोन पाती काढली की लांबी दुप्पट होते. दोन पात्यांच्या मशीनवर मात्र एक काढायचं नाही, चाकाचा तोल जातो.

आता नवीन मशीन. हिशोब सोपा आहे. दहा गाईंना प्रत्येकी २५ किलो हिरवी आणि ५ किलो कोरडी वैरण धरली तर दिवसाला ३०० किलो, म्हणजे एका वेळेला १५० किलो. हिरवी कुट्टी ढीग करून ठेवली की उन्हाळ्यात तीन-चार तासांत आतून गरम होते आणि गाई तोंड लावत नाहीत, म्हणून दोन्ही वेळेला ताजीच कापायची. ताशी ५०० किलो खरोखर कापणारं मशीन हे काम वीस मिनिटांत करतं. 'खरोखर' म्हणतोय, कारण पत्रकावर छापलेला आकडा सहसा तोंड सतत भरलेलं धरून काढलेला असतो. एकटा माणूस पेंढी सोडून, पसरून, घालतो तेव्हा त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी काम होतं. तुमच्या गोठ्याला २ एचपी पुरतं, नेपियर जून होऊ देत असाल तर ३ एचपी. ५ एचपीची गरज मला दिसत नाही.

शिवाय वीज. ५ एचपी म्हणजे बहुधा थ्री फेज आलं, आणि शेतीची थ्री फेज पाळीने मिळते. गाईंना पहाटे वैरण हवी आणि लाइट रात्री अकराला, अशी गत होते. घरच्या सिंगल फेजवर चालेल असंच मशीन घ्या. २ एचपीची मोटार भरात साधारण १० अँपिअर घेते, ३ एचपीची १४-१५; सुरू होताना याच्या पाच-सहा पट. म्हणून गोठ्यापर्यंत २ एचपीला कमीतकमी २.५ आणि ३ एचपीला ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल ओढा आणि मीटरवरचा मंजूर भार वाढवून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येत असेल तर मोटारीचा जोर २३० च्या मानाने साठ टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. अशा वेळी तोंड कमी भरा, किंवा कापणी व्होल्टेज चांगलं असेल त्या वेळेला सरकवा. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, हाताने चाकाला झोका दिला की सुरू होते, तेव्हा बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. रिवाइंडिंगला नेण्याआधी तो बदलून बघा.

अर्थिंगबद्दल हयगय नको. गाईच्या चारही पायांखाली ओली फरशी असते, माणसाला नुसती झिणझिणी येईल तेवढ्या विजेने ती दगावू शकते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच) गोठ्याच्या लाइनवर बसवाच.

दुकानात काय बघायचं? रंग सोडून सगळं. चाक हाताने फिरवा आणि कडेजवळ खडू धरा. खडू एकाच जागी लागत असेल तर चाक वाकडं आहे. शाफ्ट वर-खाली हलवून बघा. बुश (छर्रे नसलेली साधी धातूची नळी) आहेत की बेअरिंग, हे विचारा. बुशवालं स्वस्त असतं, पण रोज तेल मागतं आणि ते कोणी घालत नाही. पात्याच्या कडेवर कानस ओढा, कानस घसरली तर पोलाद कडक आहे, सहज चावली तर मऊ. अडकलेली वैरण उलटी बाहेर काढणारा रिव्हर्सचा दांडा हवाच. पात्याच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून ठेवा आणि त्या मापाची पाती तालुक्याच्या गावी मिळतात का, ते मशीनचे पैसे देण्याआधी बघा. बाहेरच्या राज्यातलं एखादं चकाचक मशीन पात्यावाचून महिनाभर झाकून पडतं. चाचणी दुकानदाराच्या वाळक्या कडब्यावर घेऊ नका, तुमचा जून नेपियर मोळीभर घेऊन जा. रोलर नसलेली, मोटारीला थेट जोडलेली छोटी उभी मशीनं दोन-चार शेळ्यांना ठीक आहेत. ती वैरण हातातून हिसकावून घेतात आणि लांबीवर ताबा राहत नाही, दहा गाईंना घेऊ नका.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाचं पोर्टल) कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळण्याआधी बिल करू नका. आधीचं बिल चालत नाही.

एक धोक्याची गोष्ट: मशीन हळू वाटतंय म्हणून मोटारीची पुली मोठी बसवण्याचा सल्ला फिटर हमखास देतो. १४४० फेऱ्यांच्या मोटारीला ३ इंची पुली आणि चाकाला ९ इंची असेल तर चाक ४८० फेरे घेतं. ३ ची ४ इंची केली तर ६४०. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण पात्याच्या बोल्टवरची बाहेर फेकणारी ओढ जवळजवळ पावणेदोन पट झाली. चाक आणि बोल्ट त्यासाठी बनवलेले नसतात. सुटलेलं पातं पत्र्याच्या झाकणाला जुमानत नाही.

बोटं जातात ती बहुधा शेवटच्या मुठीला. पेंढीचं बूड तोंडापाशी उरतं, रोलर ते पकडत नाही आणि माणूस तळहाताने ढकलतो. ते बूड पुढच्या पेंढीने ढकलायचं किंवा लाकडी दांडक्याने. वैरण सरकवायच्या पाटाचं पुढचं झाकण 'अडचण होते' म्हणून काढून ठेवलेलं असतं. ते परत लावा, हात रोलरपर्यंत पोहोचूच नये यासाठीच ते आहे. कापताना पदर खोचलेला, बांगड्या आणि सैल बाही मागे, स्विच वैरण घालणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर. काम संपलं की चाकात लोखंडी खीळ घालून ते अडकवा, गोठ्यात पोरं खेळतात.

रोजची निगा पाच मिनिटांची आहे. हिरवं कापून झालं की शेवटी मूठभर वाळका कडबा घाला, पात्यावरचा चिकट रस पुसला जातो. मक्याचा आणि नेपियरचा रस रात्रभर राहिला तर सकाळी पात्यावर गंज येतो आणि धार त्या गंजातूनच झिजते. आठवड्याला पाती पुसून तेलाचा हात द्या, पण खाद्यतेलाचा. जळकं इंजिन ऑइल नको, ते पुढच्या कुट्टीबरोबर गाईच्या पोटात जातं. कापणीचे आठ-दहा तास झाले की पाती न काढता हातदगडाने उतारावर चार हात मारा. पंचवीस-तीस तासांनी काढून नीट धार लावा. कडबा जास्त आणि मातकट असेल तर याच्याही आधी. बेअरिंगला साधारण पन्नास तासांनी लिथियम ग्रीस, एक-दोन पंप पुरे, जास्त भरलं तर सील फुटतं. बंद गिअरबॉक्स असेल तर ९० नंबरचं तेल; नव्या मशीनचं पहिलं तेल पन्नास तासांनी काढून टाका, त्यात गिअरचा कीस उतरलेला असतो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते दोरी ताणून बघा. पट्ट्याची एकच बाजू झिजत असेल तर त्या एका रेषेत नाहीत.

पेंढ्या सोडताना तार, खिळे आणि प्लास्टिकची सुतळी वेगळी करा. तारेचा तुकडा पात्याचा कपचा काढतो हे छोटं नुकसान. मोठं नुकसान म्हणजे कापलेली तार कुट्टीत मिसळून गाईच्या जाळीपोटात (पोटाचा एक कप्पा) रुतते आणि तिथून हृदयापर्यंत जाते. विकतच्या भाताच्या पेंढ्याच्या गाठी आणत असाल तर त्यांची नायलॉनची दोरी कापून नव्हे, ओढून पूर्ण काढा. ती रोलरच्या बेअरिंगमध्ये गुंडाळते आणि वितळून सील खराब करते. गाठी घेताना मधली गाठ उघडून हात घालून बघा. आत कोमट लागलं किंवा कुबट वास आला तर पंधरा-अठरा टक्क्यांच्या वर ओल असताना बांधलेल्या आहेत. अशी बुरशी कुट्टी करून जात नाही, उलट सगळीकडे पसरते. बेलर (गाठी बांधणारं मशीन) स्वतः घेण्याचा विचार दहा गाईंवर करू नका, गठ्ठ्यावर भाडं द्या.

मुरघासाचाही हिशोब असाच निघतो. दहा गाई, रोज १५ किलो, सहा महिने: २७ टन. चांगल्या दाबलेल्या मुरघासाचं वजन घनमीटरला ६०० किलोच्या आसपास धरलं तर ४५ घनमीटर, म्हणजे १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा. हा खड्डा एक-दोन दिवसांत भरून झाकला पाहिजे, नाहीतर हवा लागून खालचा थर गरम होऊन बिघडतो. २७ टनांना ताशी अर्धा टन म्हटलं तर ५४ तास कापणी. ५ एचपीनेही हे दोन दिवसांत उरकणं कठीणच, आणि वर्षातून दोन दिवसांच्या कामासाठी रोजचं मशीन मोठं का घ्यायचं? ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं, कुट्टी उडवून फेकणारं ब्लोअरवालं मशीन किंवा उभा मका कापून ट्रॉलीत टाकणारा हार्वेस्टर भाड्याने आणा. दर तासावर न ठरवता टनावर ठरवा. तासावर ठरवलं की बोथट पात्याचे पैसे तुम्ही भरता.

भाड्याचं मशीन शेतात आलं की चालू करण्याआधी पाती बघायला मागा. लाजू नका, चांगला मालक स्वतःच दाखवतो. मुरघासाला १ ते २ सेंटिमीटर तुकडा हवा, लांब तुकडा नीट दबत नाही आणि त्यात हवा राहते. पीटीओ ५४० फेऱ्यांवर आल्यावरच मका घालायचा. इंजिन हळू ठेवून डिझेल वाचवायला गेलं की ब्लोअरचा घसा चोंदतो, आणि तो मोकळा करायला हात घालण्याआधी ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. ओल पडताळायला ताजी कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर मका कोवळा आहे, थांबा. गोळा तसाच राहिला तरी जरा ओला. गोळा हळूहळू उलगडला तर वेळ बरोबर, तीस टक्क्यांच्या आसपास कोरडा अंश. मूठ उघडताच भुसभुशीत पडला तर उशीर झालाय. तुकडा आणखी बारीक करा आणि दाबायला ट्रॅक्टर जास्त वेळ फिरवा.

दाणा फुटतोय का, हेही पहिल्या ट्रॉलीतच बघा. बादलीभर पाण्यात दोन ओंजळी कुट्टी टाकून ढवळा, धाटं वर येतात आणि दाणे तळाशी बसतात. अख्खे दाणे जास्त निघाले तर चालकाला लांबी एक टप्पा कमी करायला सांगा. दाणा पिठूळ होऊन कडक झाला असेल तर हे आणखी महत्त्वाचं. तसाच गेलेला अख्खा दाणा पुढे शेणात दिसतो, आणि तोवर खड्डा बंद करून महिना-दीड महिना झालेला असतो.